मेन पाडू नये

१२ जून, गुरुवार. नांदेड

पीएचडीला मुदतवाढ मिळाली. सहा महिन्यांची, शेवटची. पत्रात ‘शेवटची’ या शब्दाखाली कुणीतरी हौसेनं दोन रेघा मारल्या आहेत. कॉलेजनंही संधी सोडली नाही. डिसेंबरपर्यंत पदवी हातात नसेल तर पुढच्या वर्षी नेमणूक नाही, हे प्राचार्यांनी चहा पाजून सांगितलं. एरवी ते कुणाला चहा पाजत नाहीत, त्यामुळे गांभीर्य लगेच लक्षात आलं. म्हणून ही वही काढली आहे. निदान काहीतरी लिहून पूर्ण केल्याचं समाधान मिळेल.

गाइड सरांकडे गेले. पाच वर्षांपूर्वी सर म्हणाले होते, “खऱ्या वापराच्या भानगडीत पडू नका, प्रयोगशाळेतले आकडे काढा.” आज म्हणाले, “प्रयोगशाळेतले आकडे कोण विचारतं? खऱ्या वापरातले आणा.” मी मान डोलावली. या संशोधनात माझी सगळ्यात जास्त प्रगती मान डोलावण्यातच झाली आहे.

माझा विषय आजवर एकाच व्यक्तीला नीट समजला, माझ्या आईला. कॉम्प्युटरमधली एसएसडी नावाची डिस्क वाचायला चपळ आणि लिहायला कुरकुर करणारी. एवढासा बदल करायचा तरी ती अख्खा ठोकळा पुसून नव्यानं लिहिते, आणि दर पुसण्याला थोडी झिजते. म्हणून लिहायचा मजकूर लगेच तिच्याकडे पाठवायचा नाही. तो मेमरीत, म्हणजे बफर कॅशमध्ये, साठू द्यायचा. त्यातलं काय पुन्हा लागणार आहे आणि काय नाही ते ओळखायचं, आणि निवांत वेळ बघून एकगठ्ठा लिहून टाकायचं. आई म्हणाली, “म्हंजे एकेक चमचा घासत बसायचं न्हाई. मोरीत भांडी साठू द्यायची आन् एकदाच घासायला बसायचं.” एवढंच सांगायला मला तीन शोधनिबंध लागले, आणि तिन्हींवर पहिलं नाव सरांचं आहे.

१५ जून, रविवार

साबेराशी भांडण. साबेरा आणि मी इथंच, नांदेडच्या श्रीनगर भागात, दोन खोल्या घेऊन राहतो. ती आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. काल ती हदगावला घरी गेली होती आणि मी दुपारभर लायब्ररीत. संध्याकाळी ती आधी परतली तर फ्रिजमधलं दूध फाटलेलं.

“शिवानी, तू जाताना मेन स्विच पाडून गेलीस.”

“लाइट गेली असेल.”

“आपल्याच खोलीची? शेजारच्या भाभींचा टीव्ही चालू होता दिवसभर.”

आता शेजारच्या भाभींचा टीव्ही हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. रसायनशास्त्राच्या माणसानं तरी असं ऐकीव बोलू नये. पण मी वाद वाढवला नाही, कारण ती बिचारी काळजीत आहे. तिची धाकटी बहीण नाजिया लातूरला माझ्या मामांच्या क्लासला आहे, तेही माझ्याच शब्दावर. गेल्या वर्षी मेडिकलचा प्रवेश थोडक्यात हुकला. दुसऱ्या वर्षाची फी अब्बांना झेपणारी नाही. त्यांचं हदगावात बस स्टँडजवळ चष्म्याचं छोटं दुकान आहे. मामांच्या क्लासात दर जुलैत एक परीक्षा होते आणि पहिल्या वीसजणांची निवडक बॅच निघते, फी माफ, होस्टेल माफ. अब्बांनी सांगून टाकलं आहे, त्या विसांत आलीस तर ठीक, नाहीतर हदगावात बी.एस्सी. कर. नाजियानं या महिन्याची चाचणी टायफॉइडच्या तापात दिली आणि तळाला गेली. त्यामुळे सगळी भिस्त तेरा जुलैच्या परीक्षेवर.

२२ जून, रविवार. लातूर

वीरण्णामामांना भेटले. मामांच्या क्लासची पोरं आता परीक्षा टॅबवर देतात. सगळी उत्तरं जिन्याखालच्या खोलीतल्या एका मशीनवर येऊन पडतात. चारेकशे पोरं एकदम बटणं दाबायला लागली की मशीनची एसएसडी धापा टाकते आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरतं. मामांनी यावर उपाय म्हणून मशीनला हार घातला होता. मी म्हटलं, मामा, मी माझा कॅश बसवून देते, फुकट. मला फक्त आकडे हवेत.

“शिवे, फुकट हाय ना? मग बसव.” शिक्षणमहर्षींचा निर्णय झाला.

खोलीचा एक प्रश्न होता. आमच्या घराण्यात आजोबांचं गंजगोलाईच्या बाजारातलं कापडाचं दुकान शॉर्टसर्किटनं जळालं तेव्हापासून एक धर्म पाळला जातो. कुलूप लावायच्या आधी मेन पाडायचा. पूजा एखादे दिवशी चुकेल, हे चुकणार नाही. मामा पाडतात, मामी पाडतात. आई शेजारी हळदीकुंकवाला जाताना पाडते आणि परत आल्यावर घड्याळं लावत बसते. मामांनी त्यांच्या शिपायालाही, मलप्पालाही, हीच दीक्षा दिलेली. तो रोज संध्याकाळी झाडलोट करून मेन पाडून जातो. एवढे दिवस खपून गेलं, कारण मशीन आलेलं उत्तर लगेच लिहून टाकायचं. माझा कॅश ते मेमरीत धरून ठेवणार, आणि वीज गेली की मेमरी कोरी.

मी सगळ्यांना उभं करून समजावलं. लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरात कागद लिहिला, ‘मेन पाडू नये. हुकमावरून, शिवानी मॅडम’ आणि मेनच्या शेजारी चिकटवला. मलप्पानं कागद दोनदा वाचला.

“म्याडम, निस्तं ह्या खोलीचाच ना?”

“हो. याच खोलीचा.”

“हाव. न्हाई पाडत.”

शिक्षणाचा एक फायदा मान्य केला पाहिजे. आमच्या घरात या खुळातून सुटलेली मी एकटीच.

२९ जून, रविवार. लातूर

कॅश बसवला. मशीन असं पळतंय की मामांनी हार काढून नवा घातला.

एक बारीकशी अडचण. मशीनच्या यूपीएसमध्ये बॅटरीच नाही. ती मामांच्या केबिनमधल्या इन्व्हर्टरला लावली आहे, कारण लाइट गेल्यावर पालकांसमोर मामांना घाम येतो आणि त्यानं क्लासची प्रतिष्ठा जाते. नवी बॅटरी मागितली तर म्हणाले, “बगू, श्रावणात घेऊ.” मी हिशोब केला. क्लासला जनरेटर आहे, परीक्षेच्या दिवशी तो सुरूच असतो. म्हणजे धोका एकाच गोष्टीचा, कुणी हातानं मेन पाडला तरच. त्यावर लाल कागद लावलेला आहे. बॅटरीसाठी अडून बसले तर तेरा जुलै हातची जाईल, आणि तेवढ्या मोठ्या गर्दीचे आकडे मला पुन्हा मिळणार नाहीत. नाही घेतली बॅटरी.

६ जुलै, रविवार. लातूर

सराव चाचणी. शेवटचं पोर उठल्यावर मशीन अर्धा तास शांत राहिलं की कॅश सगळा गठ्ठा एसएसडीवर उतरवतो, तसंच झालं. एकही उत्तर हरवलं नाही, एसएसडीवरचं लिखाण पूर्वीच्या पावपटीवर आलं. मी खोलीत बसून होते आणि मलप्पा दारात उभा राहून लाल कागदाकडे अदबीनं बघत होता. बाहेर पडल्यावर स्टँडजवळ मी एकटीनं निलंगा राइस खाल्ला आणि सोबत भज्यांची दुसरी प्लेट घेतली. यशाची चव काय असते ते विसरलेच होते.

११ जुलै, शुक्रवार. नांदेड

नाजियाचा साबेराला फोन. मी शेजारीच बसले होते, तर म्हणाली दीदीला पण स्पीकरवर घ्या. “दीदी, परवा टॅब अटकनार तर नाही ना? मागच्या महिन्यात माझे बारा-चौदा प्रश्न चक्र फिरण्यातच गेले.”

मी म्हटलं, तू फक्त उत्तरं दे, ती सांभाळायची जबाबदारी माझी. साबेरानं माझ्याकडे वळून पाहिलं आणि रात्रीचा चहा माझ्यावर न ढकलता स्वतःच केला.

१३ जुलै, रविवार. लातूर, मग बस

आजचा दिवस छान गेला आणि तो मी सावकाश लिहिणार आहे.

चारशेच्या वर पोरं, तीन तास, आणि एकदाही चक्र फिरलं नाही. मामा मिशीत हसत वर्गावर्गात फिरत होते, जणू बफर कॅशचा शोध त्यांच्याच केबिनमध्ये लागला. लातुरात पेपर सुटला की पोरं पाणी प्यायच्या आधी मार्क मोजतात. उत्तरांचा कागद बाहेर लागला आणि नाजियानं जिन्यातच बसून पडताळणी केली. बोटांवर मार्क पुन्हा मोजले. मग मला येऊन मिठी मारली. आजूबाजूच्या पोरांनी आपापले मार्क सांगितले, त्यात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. तिनं घरी फोन लावला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. डोळ्यांत पाणी आलेलं मला कुणी पाहिलेलं आवडत नाही.

सव्वापाचची नांदेड गाडी गाठायची होती. मलप्पा वरचे वर्ग झाडत होता, त्याला म्हटलं, जिन्याखालच्या खोलीचं मी बघते. शेवटचं पोर उठून वीस मिनिटंही झाली नव्हती. मशीनवर शेवटची नजर टाकली. बारीक गुणगुणत होतं, सगळ्या पोरांची उत्तरं मेमरीत सुखरूप. पंखा बंद केला, मेन पाडला, कुलूप लावलं, चावी शिवकांतामामींच्या हातात दिली, मामींनी बळेच दिलेली शेंगाचटणी पिशवीत कोंबली आणि स्टँडकडे धूम ठोकली. गाडी अर्थातच अर्धा तास उशिरा सुटली.

आता अहमदपूर आलं आहे. खिडकीतून पाणीवाला ओरडतो आहे. एव्हाना मशीननं सगळं निवांत एसएसडीवर उतरवलं असेल. माझ्या प्रबंधाचं सहावं प्रकरण तिथं जिन्याखाली आपोआप लिहिलं जातंय आणि मी चटणी खातेय.

१४ जुलै, सोमवार. लातूर

सगळं गेलं.

सकाळी मामांचा फोन आला, “शिवे, रिझल्ट काढाय गेलो तर पाटी कोरी हाय.” मिळेल त्या गाडीनं आले. एकाही पोराचं एकही उत्तर नाही. वीज नेमकी कधी गेली हेही कळायला मार्ग नाही, कारण एसएसडीची झीज वाचावी म्हणून मशीनची स्वतःची नोंदही मी हौसेनं कॅशमध्येच ठेवली होती.

मलप्पाला विचारलं. झाडलोटीसाठी त्याच्याकडे दुसरी चावी असते.

“म्या हात बी लावला न्हाई, म्याडम. सकाळी आलो तवा मेन पडलेलाच हुता. म्या निस्ता वर केला.”

“म्हणजे मेन आपोआप पडला?”

“आता ते म्या कसं सांगू?”

“संध्याकाळी झाडायला या खोलीत गेला नाहीस?”

“तुमीच म्हनला ना, तुमी बगता म्हून.”

उत्तर तयार होतं. चारशे पोरांचं वाटोळं झालं आणि हा माणूस माझ्या तोंडाकडे स्वच्छ नजरेनं बघतोय. मला इतका राग आला की मी त्याला लाल कागद मोठ्यानं वाचायला लावला, मामांसमोर, दोन वर्गांसमोर. त्यानं वाचला.

१६ जुलै, बुधवार

मामांनी मलप्पाला घरी बसवलं. क्लास निघाल्यापासून तो तिथं होता. मामा म्हणाले, “तुज्यासमोर खोटं बोलला, मला बी बोलंल.” मी मान डोलावली. शिस्त म्हणून ठीकच आहे.

चारशे पोरांची परीक्षा पुन्हा घ्यायची म्हणजे पालकांना कारण सांगावं लागेल. मामांनी त्यापेक्षा सोयीचा मार्ग काढला. मागच्या महिन्याच्या चाचणीच्या मार्कांवर यादी लावली आणि खाली लिहिलं, ‘तांत्रिक मूल्यमापन पद्धतीनुसार’. हे शब्द ऐकून पालक गप्प बसतात. मागच्या महिन्यात नाजिया तापात होती. ती यादीत कुठून असणार.

१९ जुलै, शनिवार. नांदेड

नाजिया पेटी घेऊन हदगावला गेली. साबेरा तिला स्टँडवर सोडून आली आणि माझ्यावर तुटून पडली.

“तुझा सब्जेक्ट, तुझं मशीन, तुझा मामा. आणि माझी बहीण घरी.”

“मेन मलप्पानं पाडला, साबेरा. मी काय करू?”

“त्याला नीट विचारलंस? का नुसती बोंब मारलीस?”

“तूच सांग मग कुणी पाडला असेल.”

“मला काय विचारतीस? आपल्या घरचा मेन कोण पाडतं ते आधी बघ. आजबी दूध फाटलंय.”

भांडणात माणूस कुठून कुठे जातो. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आणि ही दुधावर आली.  पण उशीवर डोकं टेकल्यावर नाजियाचं जिन्यात बसून बोटांवर मार्क मोजणं आठवत राहिलं. उत्तरं सांभाळायची जबाबदारी माझी, असं म्हणाले होते मी. कशाला म्हणाले?

गाइड सरांना सांगितलं तर ते शांत होते. “तेरा जुलै वगळा. सहा जुलैचे आकडे चांगले आहेत, तेवढे पुरे. फारच वाटलं तर त्या शिपायाचा कबुलीजबाब जोडा, परिशिष्टात.” सरांसाठी जगात दोनच प्रकारचे दिवस असतात, प्रबंधात घेण्यासारखे आणि वगळण्यासारखे.

२० जुलै, रविवार. लातूर

हे लिहायला हात होत नाही, पण लिहिते.

कबुलीजबाबासाठी मलप्पाला मुद्दाम बोलावून घेतलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला, मला वाटतं, कामावर परत घेतील या आशेनं. मामा होते, मामी होत्या. तो परत तेच, म्या पाडला न्हाई. मग मी म्हटलं, थांबा, त्या दिवशी मी ही खोली कशी बंद करून गेले ते करूनच दाखवते, म्हणजे माझ्यानंतर कोण येऊन गेलं हा प्रश्न मिटेल.

मी त्यांना दारात उभं केलं. “हे बघा, मी मशीन पाहिलं. हा पंखा बंद केला. मग...”

आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. लाल कागदाच्या अगदी कडेला लागून. खट् आवाज झाला. मशीनची गुणगुण थांबली आणि दिवा गेला. मी दुसऱ्या हातानं कुलूप उचललं होतं. पुढचं वाक्यही तोंडात तयार होतं. “मग कुलूप लावलं.”

अंधारात आधी मामी म्हणाल्या, “अगं बया.” मग मामा हसायला लागले. पोट धरून, भिंतीला टेकून. “आमच्याच घरची पोर! पीएचडी करू दे न्हाईतर अमेरिकेला जाऊ दे, मेन पाडल्याबिगर कुलूप न्हाई लावायची!”

मलप्पा हसला नाही. तो आत आला, मला ओलांडून हात वर करून त्यानं मेन चढवला आणि परत दारात जाऊन उभा राहिला.

“मलप्पा, चुकलं माझं,” मी म्हटलं. “दोन वर्गांसमोर बोलले, दोन वर्गांसमोर माफी मागते.”

“आज ऐतवार हाय,” तो म्हणाला. “वर्ग न्हाईत.”

म्हणजे सोमवारी मागावी लागेल. मागेन. या वहीची मागची पानं मात्र मी उघडून बघणार नाही.

मामांचं हसू ओसरल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये नेलं. मलप्पाला ते परत घेतायत. बाकी गोष्ट घरातच ठेवायची. “लिस्ट लागली, पोरं बसली. आता कशाला उकरतीस? तुजं सर्टिफिकेट मी देतो ना, झकास लिहून.” प्रत्यक्ष वापर झाल्याचं ते सर्टिफिकेट मला प्रबंधासाठी हवं आहे. खोटं कशाला बोलू, खूप हवं आहे. मी म्हटलं, मामा, परीक्षा पुन्हा घ्या. ते म्हणाले, क्लासचं नाव जाईल. मी म्हटलं, मग मी सांगते लोकांना. ते म्हणाले, तुझ्या आईला फोन लावतो. चाळिशीला टेकलेल्या प्राध्यापिकेला अजून ही धमकी लागू पडते, हे त्यांना ठाऊक आहे. तरी मी उठले.

२१ जुलै, सोमवार. हदगाव

सकाळी लातुरात दोन वर्गांसमोर माफी मागितली. पोरांना फार मजा आली. मग थेट हदगाव. दिवसभर बसमध्येच.

मुज्तबाचाचा, म्हणजे साबेराचे अब्बा, दुकानात काच पुसत होते. साबेराला मी फोनवर सगळं सांगितलं होतं, ती सोबत आली नाही. “तू सांग, तूच जा,” एवढंच म्हणाली. मी चाचांना सांगितलं की नाजियाचा पेपर चांगला गेला होता, बहुधा सगळ्यांत चांगला, आणि तो माझ्या हातानं गेला. कॅश, एसएसडी समजवायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“वो रहने दो, बेटा. पेपर अच्छा गया था, इतना सच्च है ना?”

“हो. मी तिथं होते.”

त्यांनी चष्मा काढला. “बच्ची घर आई तो बोली, अब्बा, पेपर अच्छा गया था. मैं बोला, झूट नक्को बोल. नाम नै आया तो नै आया, बाप के सामने झूट नक्को बोल.”  एक गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हणाले.

नाजिया आतल्या पडद्याआड होती, तिनं ऐकलं होतं. बाहेर आली. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर ओरडेल, दोन्हींची माझी तयारी होती. ती फक्त अब्बांकडे बघत होती. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. पाणी आणून दिलं तेही खाली ठेवून गेली.

इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

२३ जुलै, बुधवार

चाचांनी हदगावच्या आणखी चार पालकांना सांगितलं. त्यांनी भोकरच्या पाहुण्यांना सांगितलं. काल दिवसभर मामांचा फोन वाजत होता. आज क्लासच्या दारावर फलक लागला, ‘विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव पुनर्परीक्षा! रविवार, सत्तावीस जुलै. सुवर्णसंधी!’ मामांचा फोटो हसरा आहे. खालच्या कोपऱ्यात माझंही नाव आहे, तांत्रिक सल्लागार म्हणून.

२७ जुलै, रविवार. लातूर

मामांनी नवी बॅटरी आणली. श्रावण लागला, शब्द पाळला. तरीही मी कॅश बंद ठेवला. प्रत्येक उत्तर आलं की थेट एसएसडीवर, एकेक चमचा वेगळा घासून. शास्त्रीय कारण काही नाही. मला भीती वाटली.

परिणाम अपेक्षितच. चक्रं फिरायला लागली. वर्गावर्गातून हाय हाय सुरू झाली. “कोन हाय रे ती मॅडम?” एका पोरानं माझ्यासमोरच विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. वेळ अर्ध्या तासानं वाढवून दिला. माझ्या पाच वर्षांच्या कामाविरुद्ध इतका भक्कम पुरावा कुणी गोळा केला नसेल. नाजिया दुसऱ्या रांगेत होती. चक्र फिरलं की ती हात मांडीवर ठेवून वाट बघायची, आणि मी दारात उभी राहून तिच्याबरोबर वाट बघायचे. तिला ते माहीत नव्हतं.

पेपर सुटल्यावर तिनं मार्क मोजले नाहीत. सरळ स्टँडकडे गेली.

निघताना मलप्पा जिन्याखाली आला. “म्याडम, चावी माज्याकडं द्या. तुमी आधी भाईर व्हा.” मी बाहेर झाले. त्यानं कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि मामांनी त्याला शाबासकी दिली. मला नाही.

३१ जुलै, गुरुवार. नांदेड

सरांना सहावं प्रकरण दिलं. तेरा जुलै वगळलेला नाही. पद्धतही बदलली आहे. परीक्षेच्या उत्तरांसारखा मजकूर आता काही सेकंदांहून जास्त कॅशमध्ये थांबत नाही. वेगाचा फायदा निम्म्यावर आला.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “हे काय, ‘वापरकर्त्याने मेन स्विच बंद केल्यामुळे’? कोण वापरकर्ता?”

“मी, सर.”

“असं लिहितात का कुठं? परीक्षक हसतील.”

“हसू द्या.”

सरांनी पान दुमडलं आणि ठेवून घेतलं. सही करतील की नाही ते डिसेंबरच्या आधी कळेल, अशी आशा. मान डोलावली नाही, एवढी नोंद मात्र करून ठेवते.

४ ऑगस्ट, सोमवार

यादी लागली. नाजिया विसावी. शेवटची जागा. अब्बांनी साबेराला फोन करून नाव दोनदा वाचून दाखवायला लावलं.

दुपारी साबेरा स्टाफरूममध्ये पेढ्यांचा डबा घेऊन आली. गेले पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. सगळ्यांना एकेक पेढा दिला, प्राचार्यांना दोन. माझ्यासमोर आली, एक पेढा उचलला, मधोमध मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. दुसरा अर्धा परत डब्यात.

“बाकीचा तिची मेडिकलची ॲडमिशन झाल्यावर,” ती म्हणाली.

मी अर्धा पेढा तिथंच उभ्यानं खाल्ला. संध्याकाळी खोलीवर आलो तेव्हा तिनं चहा दोन कप केला. दूध चांगलं होतं.